झेंड्यावर नाव नसलेली माणसं

स्मरणिकेसाठी लेख दे, विषय तुझ्या आवडीचा, असं संपादक मंडळाने कळवलं तेव्हा बहुतेकांना वाटलं असणार की मी सॉफ्टवेअरवर लिहीन. गाड्यांच्या ब्रेकसाठी प्रोग्रॅम लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. त्यावर लिहायला बसले तर आपल्या ‘ब’ तुकडीतले निम्मे लोक दुसऱ्या परिच्छेदातच पान उलटतील. म्हणून माझ्या एका छंदाबद्दल लिहिते. नोकरीनिमित्त न्युरेंबर्गला आल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, मी जुने जर्मन झेंडे गोळा करते. गावोगावच्या माजी सैनिकांच्या मंडळांचे, रेशमी कापडावर जरीने भरलेले झेंडे. संग्रह म्हणावा असा माझा पसारा नाही. बारा वर्षांत चारच जमले. पण त्या चार झेंड्यांनी मला जेवढा इतिहास वाचायला लावला, तेवढा दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेनेही लावला नव्हता.

झेंडे म्हटलं की भारतातून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. हिटलरचे का? नाही. माझ्याकडचे सगळे १९१४ च्या आधीचे आहेत. हिटलरचा संबंध या गोष्टीत येतो, पण तो शेवटाकडे, आणि तो कसा येतो हे समजून घेण्यासाठीच आधीची गोष्ट नीट सांगायला हवी.

आधी झेंडा कसा दिसतो ते सांगते. साधारण सव्वा मीटर लांबी-रुंदीचं जाड रेशमी कापड, दोन थर पाठीला पाठ लावून शिवलेले, त्यामुळे दोन्ही बाजूंना वेगळं चित्र. तीन कडांना जरीची झालर. एका बाजूला राज्याचं चिन्ह, म्हणजे प्रशियाचा किंवा साम्राज्याचा गरुड, नाही तर बव्हेरियाचे सिंह. दुसऱ्या बाजूला ओक आणि लॉरेलच्या पानांची माळ, तिच्यामध्ये मंडळाचं नाव, गावाचं नाव आणि स्थापनेचं वर्ष. वर किंवा खाली एक ब्रीदवाक्य. प्रशियात बहुधा ‘देवासह, राजा आणि पितृभूमीसाठी’ अशा अर्थाचं, बव्हेरियात ‘निष्ठेत अढळ’ अशा अर्थाचं. अक्षरं जुन्या टोकदार जर्मन वळणाची, ती वाचायला शिकण्यातच माझे पहिले सहा महिने गेले.

या मंडळांना जर्मनीत ‘क्रीगरफेराइन’ म्हणत, म्हणजे योद्ध्यांचं मंडळ. अशा मंडळांमधलं पहिलं म्हणून पोमेरेनियातल्या वांगेरीन या छोट्या गावातल्या मंडळाचं नाव घेतात. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. १७८६ मध्ये, फ्रेडरिक द ग्रेट ज्या वर्षी वारला त्याच वर्षी, त्याच्या फौजेतून परतलेल्या शिपायांनी ते काढलं. हेतू अगदी साधा होता. आपल्यातला कोणी गेला तर त्याला मानाने पोचवायचं. गरिबाच्या घरी मयत झालं की खर्चाची पंचाईत, आणि आयुष्यभर राजासाठी लढलेल्या माणसाला चार माणसंही मिळाली नाहीत तर ती आणखी लाजिरवाणी गोष्ट. म्हणून वर्गणी काढायची आणि शवपेटीमागून गणवेशातले सोबती चालतील, एवढी व्यवस्था करायची. १८४२ मध्ये प्रशियाच्या राजाने अशा मंडळांना आपल्या सभासदांचा अंत्यविधी लष्करी मानाने करण्याची रीतसर परवानगी दिली. लुडविग उहलांडची १८०९ ची ‘चांगला सोबती’ ही कविता, जिला १८२५ मध्ये फ्रीडरिक झिल्शरने चाल लावली, ती जर्मनीत आजही सैनिकांच्या दफनाच्या वेळी वाजते.

मंडळांचं खरं पीक आलं ते पुढच्या तीन युद्धांनंतर. १८६४ मध्ये डेन्मार्कशी, १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी आणि १८७०-७१ मध्ये फ्रान्सशी. शाळेत ही तीन युद्धं आपण ‘बिस्मार्क आणि जर्मनीचं एकीकरण’ या मथळ्याखाली पाठ केली होती. पाठ करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. १८६६ मध्ये बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या बाजूने होता, म्हणजे प्रशियाच्या विरुद्ध. माझ्याकडच्या एका बव्हेरियन झेंड्यावर १८६६ आणि १८७०-७१ ही दोन्ही वर्षं एकाच माळेत भरलेली आहेत. पहिल्या वर्षी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, चार वर्षांनी त्यांच्याच खांद्याला खांदा लावून हे लोक फ्रान्समध्ये लढले. गावाने मात्र दोन्ही आठवणी सारख्याच सोन्याच्या धाग्याने भरून घेतल्या. एकीकरण हा शब्द पुस्तकात वाचणं आणि या कापडावर पाहणं यात फरक पडतो.

त्यानंतर जवळपास प्रत्येक गावात मंडळ निघालं. दर वर्षी २ सप्टेंबरला, सेदानच्या विजयाच्या दिवशी, मिरवणूक निघू लागली. मंडळ म्हटलं की वर्गणी आली, खजिनदार आला, २५ वर्षं झाल्यावर रौप्यमहोत्सव आला, ग्रुप फोटो आला. आपल्याला हे काही समजावून सांगायला नको. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळात किंवा आपल्या या माजी विद्यार्थी मंडळात जे चालतं, त्याचंच हे गणवेशातलं रूप. आणि मंडळ म्हटलं की झेंडा हवाच. झेंडा नसलेलं मंडळ दुसऱ्या गावच्या मिरवणुकीत कुठे उभं राहणार?

नव्या झेंड्याची प्रतिष्ठापना हा गावातला मोठा सोहळा असे. शेजारच्या गावाचं मंडळ या झेंड्याचं पालकत्व घेई. बव्हेरियात हे पालकत्व मागायला जाण्याची एक गमतीची रीत आजही चालते. मागायला आलेल्यांना लाकडाच्या ओंडक्यांवर गुडघे टेकून विनवणी करावी लागते, आणि यजमान त्यांना लगेच होकार देत नाहीत. मग ठरलेल्या दिवशी चर्चमध्ये पाद्री झेंड्याला आशीर्वाद देई, पांढरे पोशाख घातलेल्या मुली त्याच्याभोवती उभ्या राहत, आणि देणगीदार आपापल्या नावाचा पितळी खिळा झेंड्याच्या काठीत ठोकत. हे खिळे फार बोलके असतात. गावचा महापौर कोण, बिअर गाळणारा कोण, कोणत्या शेजारी मंडळाशी सलोखा होता, सगळं काठीवर ओळीने वाचता येतं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात, तसंच.

झेंड्याला नाडीसारख्या लांब रेशमी फिती बांधलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच फितींवर ‘गावातील स्त्रिया आणि कुमारिकांकडून अर्पण’ अशा अर्थाची ओळ भरलेली असते. मी सुरुवातीला ती ओळ शोभेची समजून सोडून देत असे. नंतर जर्मन कायद्याचा इतिहास वाचताना तिचा अर्थ लागला. प्रशियाच्या १८५० च्या कायद्यानुसार स्त्रियांना राजकीय संघटनेचं सभासद होता येत नव्हतं. ती बंदी उठली १९०८ मध्ये. मताचा अधिकार मिळाला १९१८ च्या नोव्हेंबरात. सैनिक मंडळात तर त्यांना जागाच नव्हती. पण झेंड्याच्या खर्चासाठी त्यांनी पैसे जमवले, काही गावांत स्वतः बसून भरतकाम केलं, सोहळ्याच्या दिवशी झेंड्याशेजारी उभ्या राहिल्या. ज्या मंडळाचं दार आपल्याला बंद आहे, त्याचं सगळ्यात देखणं निशाण त्यांनी सजवलं. त्या फितीवर ‘स्त्रिया’ एवढंच आहे. एकीचंही नाव नाही.

भरतकामाबद्दल थोडं सांगते, कारण मला या छंदात ओढलं ते त्यानेच. कार्यानुभवाच्या तासाला रुमालावर साखळी टाका घालून घालून आपण कंटाळलो होतो, आठवतं का? तोच साखळी टाका या झेंड्यांवर मशीनने घातलेला दिसतो. १८६५ मध्ये फ्रान्सच्या अंत्वान बोनाझने साखळी टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं. खालच्या बाजूच्या मुठीने सुईची दिशा फिरवत कारागीर कापडावर वेलबुट्टी ‘काढत’ जाई. पण महत्त्वाचा भाग, म्हणजे गरुड, मुकुट, माळ, हातानेच भरलेला असे. पुठ्ठ्याचा किंवा दोरीचा आधार देऊन त्यावर जर आडवी टाकायची आणि बारीक रेशमी दोऱ्याने जागोजाग टाचायची. जर कापडातून आरपार जात नाही, पृष्ठभागावरच राहते. लखनौ-आग्र्याकडची जरदोजी ज्यांनी जवळून पाहिली असेल, त्यांना हे लगेच कळेल. सैनिकाचा चेहरा किंवा देवी जर्मानियाचे हात असतील तर रंगीत रेशमाचे छोटे-मोठे टाके एकमेकांत मिसळून चित्रासारखी छटा आणलेली असते. अशा झेंड्यांचे कारखानेही निघाले. बॉन शहरातला एक प्रसिद्ध कारखाना १८६६ चा आहे. तिथे गावाने पत्र लिहायचं, नमुन्याच्या चित्रांतून गरुड निवडायचा, मजकूर द्यायचा. भरणाऱ्या बहुतेक बायका. कारखान्याचं नाव कधी कधी झेंड्याच्या कडेला सापडतं, भरणाऱ्या बाईचं नाव मला अजून कुठेच सापडलेलं नाही.

आणि जर कुठून येत असे? माझ्या घरापासून लोकल गाडीने अर्ध्या तासावर रोट नावाचं गाव आहे. न्युरेंबर्ग आणि त्याच्या आसपासची गावं शतकानुशतकं जरीची तार काढण्यासाठी प्रसिद्ध होती. तांब्याच्या तारेवर चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा, मग ती तार ओढून ओढून केसासारखी बारीक करायची, चपटी करायची आणि दोऱ्यावर गुंडाळायची. ही विद्या फ्रान्सच्या लियाँ शहरातून आली म्हणून तिला जर्मनीत ‘लिओनिश’ काम म्हणतात. १५६९ मध्ये आंतोनी फूर्निए नावाच्या कारागिराने ती न्युरेंबर्गला सुरू केल्याची नोंद आहे. रोटमध्ये या धंद्याचं एक संग्रहालय आहे. तिथे गेलात तर तुम्हाला घरच्यासारखं वाटेल, कारण या भागातला मालाचा मोठा गिऱ्हाईक भारत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स आणि जर्मनीहून येणारी जर आपल्याकडच्या साड्यांच्या काठा-पदरात जात असे. म्हणजे एकाच गावात ओढलेली तार एका खोक्यातून बव्हेरियन झेंड्याच्या झालरीत गेली आणि दुसऱ्या खोक्यातून मुंबईच्या बंदरात उतरली. जरीपटका हा शब्द लहानपणापासून ज्यांच्या कानावर आहे त्यांना झेंडा आणि जर यांचं नातं सांगायला नको. पण आजीच्या लुगड्याच्या काठाचं नातं क्रीगरफेराइनच्या झेंड्याशी असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. याच धंद्यातल्या काही कारखान्यांनी पुढे विजेच्या तारा काढायला घेतल्या. ‘लेओनी’ हे मोटारींच्या वायरिंगमधलं नाव याच ‘लिओनिश’वरून आलं आहे. पुण्याकडच्या आपल्या वाहन उद्योगातल्या मित्रांना ते नाव ओळखीचं असेल.

आता या गोष्टीचा अवघड भाग. एकमेकांना खांदा द्यायला निघालेली मंडळं विसाव्या शतकापर्यंत राज्याच्या उपयोगाची यंत्रणा झाली होती. १८ जून १८९६ रोजी थुरिंगियातल्या क्युफहॉयझर डोंगरावर सम्राट पहिल्या विल्हेल्मचं ८१ मीटर उंच स्मारक उभं राहिलं, ते सैनिक मंडळांच्या पुढाकाराने आणि वर्गणीतून. १९०० मध्ये राज्याराज्यांतले महासंघ एकत्र येऊन क्युफहॉयझरबुंड स्थापन झाला. १९१३ च्या सुमारास त्याचे सभासद २८ लाखांहून अधिक होते. त्या वेळी जर्मनीत दुसरी एवढी मोठी संघटना नव्हती. सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, जो १९१२ च्या निवडणुकीत ३९७ पैकी ११० जागा जिंकून संसदेतला सर्वांत मोठा पक्ष झाला, त्याचे सभासद सुमारे १० लाख होते. आणि त्या पक्षाच्या माणसाला सैनिक मंडळात प्रवेश नव्हता. फ्रान्समध्ये लढलेला, पायात गोळी घेऊन आलेला कामगार, पण समाजवादी असला तर मंडळातून बाहेर. मग त्याच्या शवपेटीमागे हा झेंडा येणार नाही. वांगेरीनच्या शिपायांनी ज्या कामासाठी मंडळ काढलं होतं, नेमकं तेच काम नाकारण्यासाठी मंडळाचा वापर होऊ लागला.

पहिल्या महायुद्धानंतर भांडण झेंड्यांवरच आलं. काळा-पांढरा-लाल हा साम्राज्याचा झेंडा गेला, काळा-लाल-सोनेरी हा प्रजासत्ताकाचा झेंडा आला, आणि माजी सैनिकांत फूट पडली. माग्डेबुर्ग या एकाच शहरात दोन संघटना जन्मल्या. १९१८ च्या डिसेंबरात फ्रान्झ झेल्ड्टने ‘श्टालहेल्म’ म्हणजे पोलादी शिरस्त्राण काढली, ती प्रजासत्ताकाच्या विरोधातली. १९२४ च्या फेब्रुवारीत ओटो ह्योर्झिंगने काढलेल्या संघटनेच्या नावातच झेंडा होता, ‘राइश्सबानर श्वार्त्स-रोट-गोल्ड’, आणि ती प्रजासत्ताक वाचवण्यासाठी होती. झेल्ड्ट पुढे हिटलरचा कामगारमंत्री झाला. दुसऱ्या संघटनेवर १९३३ मध्ये बंदी आली.

तिसरी एक संघटना होती. १९१९ मध्ये लेओ ल्योवेनश्टाइन यांनी काढलेली ज्यू आघाडी-सैनिकांची. हे गृहस्थ शास्त्रज्ञ होते. शत्रूच्या तोफेचा आवाज वेगवेगळ्या ठिकाणी कधी पोचतो ते मोजून तोफेची जागा शोधायची पद्धत त्यांनी काढली. इंजिनिअर म्हणून मला त्यांच्याबद्दल विशेष आदर आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी सुमारे १२,००० ज्यू सैनिक मेले. ते घाबरट होते, मागे राहिले, असा खोटा प्रचार सुरू झाला तेव्हा या संघटनेने मेलेल्यांची नावनिशीवार यादी गोळा केली आणि १९३२ मध्ये पुस्तकरूपाने छापली. नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, गाव. माहितीने खोट्याला उत्तर देण्याचा तो प्रयत्न होता. उपयोग झाला नाही. नाझी राजवटीत ज्यू सैनिकांना जुन्या मंडळांतून काढून टाकलं, त्यांची स्वतःची संघटना १९३८ मध्ये बंद केली. ल्योवेनश्टाइन यांना थेरेझिनश्टाटच्या छावणीत धाडलं. ते तिथून जिवंत सुटले, हजारो सुटले नाहीत. ज्या गावच्या झेंड्यामागून हे लोक वर्षानुवर्षं चालले होते, त्या गावातल्या सोबत्यांनी काय केलं, हा प्रश्न कुठलाही झेंडा हातात घेताना मला पडतो.

क्युफहॉयझरबुंडचं पुढे काय झालं? त्याने नव्या राजवटीपुढे मान तुकवली. १९३८ मध्ये त्याच्या नावाआधी ‘राष्ट्रीय समाजवादी’ हे शब्द लागले, आणि १९४३ मध्ये हिटलरनेच तो विसर्जित केला. युद्ध संपल्यावर दोस्तराष्ट्रांनी लष्करी परंपरा जपणाऱ्या संघटनांवर बंदी घातली. कित्येक झेंडे अमेरिकन सैनिकांच्या पिशव्यांतून आठवण म्हणून समुद्रापार गेले. कित्येक माळ्यावर, चर्चच्या कपाटात लपवले गेले. पन्नासच्या दशकात मंडळं पुन्हा सुरू झाली तेव्हा काही गावांनी ते बाहेर काढले. बव्हेरियात आजही नोव्हेंबरातल्या शोकदिनी ते स्मारकापाशी नेतात आणि मृतांसाठी खाली झुकवतात. पण सभासद म्हातारे झाले, मंडळं एकेक करून बंद पडू लागली, आणि मग झेंडे जुन्या बाजारात आणि लिलावात येतात. तिथे मी येते.

न्युरेंबर्गच्या जुन्या गावात वर्षातून दोनदा मोठा जुना बाजार भरतो. असं काही तुमच्या हाती लागलं तर काय पाहायचं, तेही सांगून ठेवते. पहिलं, इस्त्रीच्या आकड्यासारखी वर्षं पाहा. लोखंडी क्रॉस हे पदक १८१३ मध्ये सुरू झालं, १८७० आणि १९१४ मध्ये पुन्हा सुरू केलं, आणि त्या त्या क्रॉसवर ते ते वर्ष असतं. दुसरं, शुद्धलेखन पाहा. १९०१ च्या बर्लिन परिषदेनंतर जर्मन शब्दांतला ‘त’ नंतरचा ‘ह’ गेला. ‘कृत्य’ या अर्थाचा शब्द जुन्या पद्धतीने लिहिला असेल तर झेंडा बहुधा त्याआधीचा. तिसरं, अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिवा धरा. दोरा निळसर चमकला तर त्यात कापड पांढरं दिसण्यासाठी वापरतात ते आधुनिक रसायन आहे, म्हणजे झेंडा नवा किंवा नंतर दुरुस्त केलेला. चौथं, नाझी चिन्ह असलेली वस्तू जाहीरपणे दाखवणं किंवा पसरवणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. अभ्यास आणि शिक्षणासाठी अपवाद आहेत, पण मी तशा वस्तू घेतच नाही.

सांभाळणं हे विकत घेण्यापेक्षा जास्त जिकिरीचं. रेशमाच्या कोशावरचा डिंक धुतला की त्याचं जवळपास पाव वजन जातं. ते भरून काढायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापारी कथलाचे क्षार रेशमात मुरवत. कापड जड आणि सळसळीत व्हायचं, ग्राहक खूश. शंभर वर्षांनी तेच क्षार रेशीम आतून खातात आणि घडीच्या रेषेवर त्याचे काचेसारखे तुकडे पडतात. म्हणून घडी घालायची नाही, भिंतीवर टांगायचं नाही, उन्हात तर नाहीच. आडवा, आम्ल नसलेल्या कागदात, अंधारात ठेवायचा. माझ्या घरी पलंगाखालची पूर्ण जागा झेंड्यांची आहे. माझा मुलगा पाहुण्यांना सांगतो, आमच्याकडे पलंगाखाली चार गावं राहतात.

त्यातलं एक गाव आता परत जाणार आहे. तिसरा झेंडा घेतला तेव्हा सवयीप्रमाणे मी त्या गावच्या पंचायतीला पत्र लिहिलं होतं. तुमच्या मंडळाचा झेंडा माझ्याकडे आहे, त्याबद्दल काही माहिती आहे का? दोन महिन्यांनी एका निवृत्त शिक्षिकेचं उत्तर आलं. मंडळ कधीच बंद पडलं, पण झेंड्याची काठी, सगळ्या खिळ्यांसकट, गावच्या छोट्या संग्रहालयात आहे. कापड कुठे गेलं, कोणाला ठाऊक नव्हतं. तिने खिळ्यांवरची नावं एकेक करून लिहून पाठवली. ४१ नावं होती. त्यातली दोन गावातल्या ज्यू व्यापाऱ्यांची आहेत, असं तिने पुढे लिहिलं. त्या दोन्ही घरांचं पुढे काय झालं, तेही तिने शोधून ठेवलं आहे, कारण निवृत्तीनंतर ती तेच काम करते. खिळे कोणी उपटले नाहीत, एवढंच तिने शेवटी लिहिलं होतं.

मी बराच काळ त्या यादीकडे पाहत राहिले. माझ्याकडच्या कापडावर राजाचा गरुड होता, गावाचं नाव होतं, वर्ष होतं. माणसं काठीवर होती. काठीपासून कापड तोडलं की उरते ती एक महागडी शोभेची वस्तू. येत्या वसंतात मी झेंडा त्या संग्रहालयाला देणार आहे. अट एकच घातली आहे. शेजारच्या पाटीवर खिळ्यांवरची सगळी नावं लिहावी, आणि फितीवरच्या त्या ‘स्त्रिया आणि कुमारिका’ यांच्यापैकी जेवढ्यांची नावं चर्चच्या दप्तरात सापडतील तेवढीही. शिक्षिकाबाई कामाला लागल्या आहेत. आतापर्यंत नऊ मिळाली.

आपल्या बाजूलाही हे काम पडून आहे. पहिल्या महायुद्धात आपल्याकडची हजारो माणसं याच जर्मनांशी आणि त्यांच्या मित्रांशी लढायला गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एका गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत, चावडीपाशी किंवा शाळेच्या भिंतीत, इंग्रज सरकारने बसवलेला संगमरवरी दगड असतो. या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. फक्त आकडे. जर्मन गावाने वर्गणी काढून स्वतःचं निशाण केलं, आपल्याला सरकारने दगड दिला. दोन्हीकडे बरीच माणसं लिहायची राहिली. तुमच्यापैकी जे अजून गावाकडे राहतात त्यांना माझी विनंती आहे. असा दगड असेल तर त्याचा फोटो काढा, आणि गावातल्या जुन्या घरांतून विचारून त्या आकड्यांची नावं लिहून ठेवा. शाळेच्या मुलांना हा प्रकल्प म्हणून देता येईल. आपल्या ग्रुपवरचे शिक्षक मित्र हे माझ्यापेक्षा चांगलं करतील.

आणि आपल्या मंडळालाही एक सूचना. या स्मरणिकेच्या शेवटी बॅचची यादी छापली जाणार आहे, असं कळलं. ती दहावीच्या निकालाच्या कागदावरून घेऊ नका, पाचवीच्या हजेरीपटावरून घ्या. सातवीत लग्न झालं म्हणून, वडिलांची गिरणी बंद पडली म्हणून, नापास झाले म्हणून जे मधेच गळाले, ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाहीत आणि स्नेहमेळाव्याचं आमंत्रणही त्यांना गेलेलं नाही. माझ्या बाकावर सहावीपर्यंत जी बसायची, ती त्यांच्यातलीच आहे. कार्यानुभवाच्या तासाला माझा रुमाल तीच पुरा करून द्यायची. तिचं नाव यादीत असावं, एवढी माझी वर्गणी धरा.